असली भाग, नकली नाव : घड्याळाच्या दुरुस्तीविषयी एक मत

१/
एक मनगटी घड्याळ डोळ्यांपुढे आणा. तबकडीवर एका विख्यात स्विस कंपनीचे नाव आहे आणि ते खोटे आहे. आतील यंत्र चीनमध्ये बनलेले आहे. त्या यंत्रातले एक चाक झिजले, तेव्हा कारागिराने त्या जागी खरे स्विस चाक बसवले. काच बाजारात मिळाली ती घातली, पट्टा गावातल्या दुकानातला. या वस्तूला काय म्हणावे? बाजाराकडे उत्तर तयार आहे : 'फर्स्ट कॉपी'. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही.

२/
या धाग्यात इतिहास बराच आहे, पण हा मताचा धागा आहे. म्हणून मत आधीच सांगून टाकतो. घड्याळात कोणता भाग असली आणि कोणता नकली, यावरून लबाडी ठरत नाही. भाग बदलल्याची गोष्ट लपवली जाते तिथे ती सुरू होते. त्यामुळे फर्स्ट कॉपी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला बनावटखोरांच्या रांगेत उभे करणे मला अमान्य आहे. आणि काही प्रतिष्ठित मंडळींना त्या रांगेतून सोडून देणेही तितकेच अमान्य आहे.

३/
परभणी, जिंतूर, सेलू, मानवत, गंगाखेड. आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही बाजारपेठेत घड्याळदुरुस्तीची जागा बहुधा एका माणसापुरतीच असते. समोर काचेची पेटी, डोळ्याला भिंग, हातात चिमटा, बाजूला भाग धुण्यासाठी पेट्रोलची वाटी. निजामी मुलखाच्या उर्दू वळणाने जुनी माणसे त्याला 'घडीसाज' म्हणतात. 'साज' म्हणजे बनवणारा, नीट करून देणारा. शब्द सुरेख आहे. त्याच्या बोलीत यंत्र म्हणजे 'मशीन' आणि बाजूचे फिरवायचे बटण म्हणजे 'चावी'. त्याच्याकडे येणाऱ्या मालात एचएमटी असते, टायटन असते, आणि अलीकडे फर्स्ट कॉपीही असते. 'बनी तो बनी, नहीं तो परभनी' असे आपल्या गावाविषयी गमतीने म्हणतात. घडीसाजाच्या पेटीवर ते निराळ्या अर्थाने खरे आहे. जे दुसरीकडे बनत नाही, ते इथे काहीतरी जुळवून चालते केले जाते.

४/
नकली घड्याळात असली भाग बसतोच कसा?

५/
स्वित्झर्लंडच्या ईटीए या कंपनीचे २८२४ नावाचे स्वयंचलित यंत्र गेली अनेक दशके असंख्य घड्याळांत वापरले गेले. जुन्या यंत्रांवरचे पेटंट काळाच्या ओघात संपते आणि मग त्या रचनेची यंत्रे कोणालाही बनवता येतात. सेलिटा या स्विस कंपनीचे एसडब्ल्यू २०० याच रचनेवर आधारलेले आहे आणि ते नामांकित घड्याळांत सन्मानाने बसते. चीनमधील सीगलचे एसटी २१३० हेही त्याच कुळातले. महागड्या फर्स्ट कॉपीत बहुधा या कुळातलेच एखादे चिनी यंत्र असते. मापे इतकी जवळची असतात की कमान, चाके, बॅलन्स यांपैकी बरेच भाग एकातून दुसऱ्यात जातात. स्वस्त नकलांत तर बॅटरीवरचे मशीन असते. ते बिघडले की दुरुस्त करण्यापेक्षा अख्खे बदलणेच परवडते.

६/
येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. यंत्राची रचना उचलणे आणि नाव उचलणे या दोन अगदी भिन्न कृती आहेत. पेटंटला मुदत असते, नावाला नसते. सेलिटाने रचना घेतली, पण यंत्रावर नाव स्वतःचे घातले. फर्स्ट कॉपीवाला रचनाही घेतो आणि नावही दुसऱ्याचे लावतो. चोरी त्या तबकडीवरच्या चार अक्षरांत आहे. चाकांचा त्यात काही अपराध नाही.

७/
'असली घड्याळ म्हणजे एकाच कारखान्यात, एकाच हाताने घडलेली वस्तू' ही समजूत जाहिरातींनी रुजवली आहे. इतिहास तिला फारसा आधार देत नाही. ज्युरा पर्वताच्या खेड्यांत हिवाळ्यात शेतकरी कुटुंबे घरबसल्या एकेक भाग बनवत. कोणी चाके, कोणी काटे, कोणी कमानी. व्यापारी ते भाग गोळा करून जुळवी आणि वर आपले नाव घाली. स्विस घड्याळाचा उगम असा जोडकामातला आहे.

८/
आणि हे फार जुने झाले असे कोणी म्हणू नये. रोलेक्सच्या सुप्रसिद्ध डेटोनामध्ये १९८८ पासून २००० पर्यंत जे यंत्र होते, त्याचा पाया झेनिथ कंपनीच्या एल प्रिमेरो यंत्राचा होता. रोलेक्सने त्यात मोठे बदल केले, त्याची गती कमी केली आणि ते आपल्या क्रमांकाने वापरले. त्याआधीच्या डेटोनात वाल्जूचे यंत्र असे. रोलेक्सच्याच संस्थापकाने, हान्स विल्सडॉर्फने, काढलेल्या ट्यूडरच्या घड्याळांत दीर्घकाळ ईटीएची यंत्रे होती, आणि पेटी व चावी मात्र रोलेक्सच्या खुणेची. एकाची पेटी, दुसऱ्याचे मशीन, तिसऱ्याचे नाव! या घड्याळांना आपण बनावट म्हणत नाही. योग्यच करतो, कारण हा व्यवहार उघड होता.

९/
आपल्याकडचे उदाहरण याहून रोचक आहे. वेस्ट एंड वॉच कंपनीच्या जुन्या घड्याळांच्या तबकडीवर 'बॉम्बे-कलकत्ता' असे छापलेले असे. हे घड्याळ मुंबईत घडले असे त्यावरून कोणाला वाटले तर नवल नाही. पण घड्याळे स्विस होती आणि त्यांतील कित्येकांची यंत्रे लाँजिनसारख्या अन्य कारखान्यांतून आलेली होती. नाव विकणाऱ्याचे, शहर बाजाराचे, यंत्र तिसऱ्याचे. 'सोवार' आणि 'क्वीन अ‍ॅन' ही या कंपनीची नावे ज्यांनी आजोबांच्या पेटीत पाहिली असतील, त्यांनी ते घड्याळ एकदा या दृष्टीने पुन्हा वाचावे.

१०/
खोट्या नावांचा इतिहासही तितकाच जुना आहे. अठराव्या शतकात इंग्रजी घड्याळांना युरोपभर मान होता. तेव्हा जिनिव्हा परिसरात बनलेली, 'लंडन' लिहिलेली घड्याळे डच व्यापाऱ्यांमार्फत खपत. त्यांना आज संग्राहक 'डच बनावट' म्हणतात. त्यांच्यावर टार्ट्स, विल्टर अशी नावे सापडतात, जी केवळ इंग्रजी वाटावीत म्हणून रचलेली होती. म्हणजे ज्या स्वित्झर्लंडच्या नावाची आज नक्कल होते, तेथील कारागीर एके काळी लंडनच्या नावाची नक्कल करत होते! पुढे पॅरिसच्या ब्रेगेला नकलांचा इतका उपद्रव झाला की १७९५ च्या सुमारास त्याने तबकडीवर अतिसूक्ष्म गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. प्रकाश तिरपा पडला तरच ती दिसे.

११/
इंग्लंडने १८८७ मध्ये मालावरच्या खुणांविषयी कायदा केला, त्यात घड्याळाच्या पेटीसाठी स्वतंत्र कलम होते. पेटीवर एखाद्या देशाचा भास करून देणारी खूण असेल, आणि आतल्या यंत्राचा देश कोठेही लिहिलेला नसेल, तर ती खूण म्हणजे घड्याळ त्या देशात बनल्याचे कथनच आहे असे प्रथमदर्शनी धरले जाई. पेटी इथली आणि यंत्र तिथले, ही भानगड कायदेमंडळापर्यंत पोहोचली होती ती अशी. १८८९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातही मालखुणांचा कायदा आला. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात, त्यामुळे मुंबईचा कायदा येथे आपोआप लागू नव्हता.

१२/
आता स्वातंत्र्योत्तर काळाकडे येऊ, कारण आजच्या घडीसाजाची विद्या त्या काळाने घडवली. परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते आणि म्हणून तस्करी होती. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचे १२३ वे कलम अवश्य वाचावे. तस्करीचा माल असल्याच्या वाजवी समजुतीने काही वस्तू जप्त झाल्या, तर त्या तस्करीच्या नाहीत हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्या ताब्यातून जप्ती झाली त्याच्यावर पडतो. त्या वस्तूंत सोने नावानिशी आहे, आणि त्याच पंगतीत घड्याळेही नावानिशी आहेत. मनगटी घड्याळ सोन्याच्या शेजारी बसवणारा देश होता हा.

१३/
त्याच सुमारास, १९६१ मध्ये, एचएमटीने बंगळुरूत जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळांचा कारखाना काढला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन. लग्नातल्या जावयाला आणि निवृत्त होणाऱ्या गुरुजींना दिले जाणारे घड्याळ ते हेच. मात्र ज्यांच्याकडे आधीची फाव्र-लुबा, रोमर, कॅमी, टिटोनी होती, त्यांच्या भागांचे काय? मूळ भाग येण्याची वाट जवळपास बंद. तेव्हा घडीसाजाने एका मेलेल्या घड्याळातून दुसरे जिवंत केले. चावी स्थानिक, काच स्थानिक, काटे मिळतील ते.

१४/
तबकडीची कथा वेगळी. पावसाळ्यातली दमट हवा आणि घाम यांनी तबकडी डागाळते. ती खरवडून पुन्हा रंगवण्याचा धंदा मुंबईत चांगलाच वाढला. अशा रंगवलेल्या, जोडलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक आज 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. ओळखायच्या खुणाही ठरलेल्या आहेत : पेटी झिजलेली आणि तबकडी नवीकोरी, अक्षरे जाड, सेकंदाचा काटा भलत्याच लांबीचा, कंपनीने कधी न वापरलेला भडक रंग.

(जाता जाता एक इशारा. रात्री चमकणाऱ्या जुन्या घड्याळांना आपण 'रेडियमचे घड्याळ' म्हणतो. साठच्या दशकापर्यंतच्या अनेक तबकड्यांवर खरोखरच रेडियम असे. चमक गेली म्हणजे किरणोत्सर्ग गेला असे नव्हे. चमकणारे द्रव्य निकामी होते, रेडियमचे अर्धायुष्य मात्र सुमारे १६०० वर्षे आहे. अशी तबकडी घरी खरवडू नका. तिची धूळ श्वासावाटे शरीरात जाणे घातक आहे.)

१५/
'मुंबई स्पेशल' या शब्दातला तुच्छतेचा सूर मला खटकतो. हौशी संग्राहक ज्याला विद्रूपीकरण म्हणतो, ते मालकाच्या दृष्टीने घड्याळ पुन्हा चालू होणे होते. त्याला संग्रह करायचा नव्हता, मनमाडची गाडी गाठायची होती. तबकडी रंगवली तेव्हा त्याला ते ठाऊक होते. त्याने पैसे त्यासाठीच दिले होते. त्या व्यवहारात फसवणूक कोठेच नव्हती. ती आली पन्नास वर्षांनी, जेव्हा तेच घड्याळ 'मूळ स्थितीत' असे लिहून इंटरनेटवर विकायला ठेवले गेले.

१६/
एचएमटीबाबत हे आपल्या डोळ्यांदेखत घडत आहे. एचएमटी वॉचेस बंद करण्यास केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये मान्यता दिली आणि जुन्या घड्याळांचा भाव चढू लागला. लगोलग कारखान्याने कधीच न काढलेल्या रंगांच्या 'पायलट' बाजारात दिसू लागल्या. आत खरे एचएमटी मशीन आणि वर काल छापलेली तबकडी. यंत्र शंभर टक्के असली, आणि तरीही वस्तू इतिहास म्हणून खोटी.

१७/
आता ज्या प्रकरणासाठी हा धागा लिहायला घेतला ते. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्स या लिलावसंस्थेच्या विक्रीत १९५७ चे म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाखांहून अधिक स्विस फ्रँकला गेले. विकत घेतले खुद्द ओमेगाने, आपल्या संग्रहालयासाठी. २०२३ मध्ये ओमेगानेच जाहीर केले की हे घड्याळ निरनिराळ्या जुन्या घड्याळांचे भाग आणि काही बनावट भाग जुळवून उभे केलेले होते. त्यात आपल्याच तीन माजी कर्मचाऱ्यांचा हात असल्याचेही कंपनीने सांगितले.

१८/
या घड्याळाच्या पोटात असली भाग भरपूर होते. परभणीच्या कोणत्याही फर्स्ट कॉपीत असतील त्याच्या कित्येक पटींनी अधिक. हजार-दोन हजारांची फर्स्ट कॉपी घेणाऱ्याला आपण काय घेतो हे पक्के ठाऊक असते. ३१ लाख फ्रँक देणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. यातली मोठी लबाडी कोणती? असली भागांची टक्केवारी मोजून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

१९/
मग मोजायचे काय? वास्तुजतनाच्या क्षेत्रात याचे उत्तर साठ वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेचे १२ वे कलम सांगते की नष्ट झालेल्या भागाच्या जागी नवा भाग बसवताना तो एकूण रचनेशी सुसंगत असावा, पण मुळापासून वेगळा ओळखूही यावा, म्हणजे दुरुस्तीमुळे पुरावा खोटा ठरणार नाही. जिंतूर तालुक्यातले चारठाणा ज्यांनी पायी फिरून पाहिले आहे, त्यांना हे कलम समजावून सांगण्याची गरज नाही. मंदिरांचे कोरीव दगड तेथे इतस्ततः विखुरलेले दिसतात. उद्या एखादा खांब उभा करताना नवा दगड घातला तर आपण काय मागू? नवा दगड नको, असे नाही मागणार. तो नवा आहे हे कळावे आणि कागदावर राहावे, एवढेच मागू. घड्याळालाही हीच कसोटी लावावी.

२०/
ही कसोटी घडीसाजांना परकी नाही. जुन्या घड्याळाचे मागचे झाकण उघडा आणि आतली बाजू भिंगाखाली धरा. पुष्कळदा तेथे सुईने ओरखडलेल्या बारीक खुणा दिसतील; एखादा आकडा, तारीख, दोन अक्षरे. घड्याळ दुरुस्तीला आले की कारागीर आपली खूण तेथे कोरून ठेवत असे, म्हणजे पुढच्या वेळी आपले काम ओळखता यावे. एका झाकणात अशा चार-पाच खुणा एकाखाली एक सापडतात. शिलालेख वाचणाऱ्यांनो, हाही लेखच आहे! त्यात ना राजा, ना दानपत्र. पण एक वस्तू किती हातांतून गेली याचा तो समकालीन पुरावा आहे. आणि झाकण घासून चकचकीत करून देणारे आजचे विक्रेते तोच पहिल्यांदा पुसतात.

२१/
तर सीमारेषा मी अशी आखतो. फर्स्ट कॉपीत तेल घालणे, काच बदलणे, मोडलेल्या चाकाच्या जागी मिळेल ते चाक घालणे, मग ते चिनी असो, स्विस असो वा तिसऱ्याच कंपनीचे, यात काही गैर नाही. वस्तू बनली आहे. ती कचऱ्यात जाण्याऐवजी चालली तर बरेच. पण त्याच फर्स्ट कॉपीवर कंपनीची खरी चावी, खरी तबकडी, खरे झाकण चढवणे हे दुरुस्तीत मोडत नाही. त्या भागांनी घड्याळ अधिक चालत नाही. त्यांनी फक्त तज्ज्ञाचा डोळा चुकतो. ज्या बदलाचा उपयोग केवळ ओळख बुजवण्यासाठी आहे, तो बदल बनावटीचा.

२२/
आणि त्याची दुसरी किंमत कोणी मोजत नाही. ती खरी तबकडी येते कोठून? बहुधा एखादे खरे, जुने, बंद पडलेले घड्याळ मोडून. म्हणजे एक अस्सल साधन नष्ट करून एक खोटे साधन अधिक विश्वासार्ह केले जाते. इतिहासप्रेमी म्हणवणाऱ्याने निदान या पापात वाटेकरी होऊ नये.

२३/
आक्षेप येईल की फर्स्ट कॉपी दुरुस्त करून देणे म्हणजे त्या धंद्याला हातभारच. हा आक्षेप हलका नाही. नाव चोरणाऱ्यांच्या नफ्याबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. पण तो नफा विक्रीच्या वेळीच झालेला असतो. दुरुस्त झालेले घड्याळ उलट नव्या नकलेची गरज काही वर्षे पुढे ढकलते. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याचा रोखही चिन्ह खोटेपणाने लावण्यावर आणि असा माल विकण्यावर वा विक्रीसाठी बाळगण्यावर आहे. त्यासाठी सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. खोट्या नावाची तबकडी दुकानात विकायला ठेवणाऱ्याने हे आकडे जरूर पाठ करावेत.

२४/
दुसरा आक्षेप : मग असली घड्याळाला असलीच भाग का घालत नाहीत? कारण ते मिळत नाहीत. अनेक महाग स्विस ब्रँड सुटे भाग अधिकृत सेवाकेंद्रांबाहेर देतच नाहीत. युरोपातल्या स्वतंत्र घड्याळ-दुरुस्तीकारांच्या संघटनेने २००४ मध्ये युरोपीय आयोगाकडे याविरुद्ध तक्रार केली. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये आयोगाने ती फेटाळली, आणि २०१७ मध्ये तेथील न्यायालयानेही आयोगाची बाजू उचलून धरली. जेथे जिनिव्हाच्या शेजारचा कारागीर हात टेकतो, तेथे गंगाखेडच्या कारागिराने मूळ भागाचा आग्रह धरावा, ही अपेक्षाच हास्यास्पद आहे.

२५/
ज्यांना केवळ रूप आवडते त्यांच्यासाठी एक सरळ वाटही आहे. सेइको समूहाचे एनएच ३५ हे यंत्र उघडपणे विकत मिळते. त्याला साजेशी पेटी, काटे, आणि कोणतेही नाव नसलेली तबकडी यांतून उत्तम घड्याळ जुळवता येते. भाग सगळे सुटे, सगळे बाहेरचे, आणि खोटे एक अक्षर नाही. हे काम शिकलेला तरुण उद्याचा घडीसाज होऊ शकेल. आजच्या घडीसाजांच्या मुलांपैकी फारच थोडे या पेटीमागे बसायला तयार आहेत.

२६/
शेवटची विनंती दोघांना. घडीसाजकाका, पावतीवर एक ओळ वाढवा : 'तबकडी नवी', 'मशीन चिनी', 'चावी दुसऱ्या घड्याळाची'. आणि झाकणाच्या आत आपली खूण व साल पूर्वीप्रमाणे कोरत जा. वाचकमित्रांनो, घरातले जुने घड्याळ दुरुस्तीला नेण्यापूर्वी त्याचे झाकण उघडवून आतल्या खुणांचे, यंत्रावरच्या क्रमांकाचे आणि तबकडीच्या पाठीचे छायाचित्र घ्या. बदललेला जुना भाग परत मागून घ्या, कागदात गुंडाळून त्यावर तारीख घाला. छायाचित्रे या धाग्याखाली टाका. खुणांची अक्षरे लागत नसतील तर बोरीपासून पालमपर्यंत कोणाच्या तरी आजोबांना ती लागतील.